खिडकीपर्यंतची तार

आठवी तार सोलता सोलता मिस्त्रीने बायकोला विचारलं, "मग? इथून काय विशेष दिसतं?"

"रस्ता," बायको म्हणाली आणि तिने खुर्ची खिडकीकडे ओढली.

रस्ता तर मिस्त्रीलाही दिसत होता. रस्त्यापलीकडे टॅक्सीचा थांबा, थांब्यावर सात नंबरची गाडी, आणि गाडीला टेकून खुद्द सात नंबर केसांतून कंगवा फिरवत उभा. टॅक्सी कंपनीच्या अठरा गाड्या बायको वायरलेसवरून हाकायची. सतरा जणांशी ती बोलायची, सात नंबरशी बोलताना हसायची. हसू तसं मोजून अर्ध्या मिनिटाचं. पण मिस्त्री नवरा पडला. त्याला ते दीड तासाचं ऐकू यायचं.

आणि आता तिने मालकाकडून माइक खिडकीशी मागून घेतला होता. आतल्या खोलीत म्हणे कोंदट वाटतं. अकरा वर्षं वाटलं नव्हतं. वायरलेसचा संच आतच राहणार, फक्त माइक बाहेर येणार, आणि मधे बारा मीटर केबल, कॉम्प्युटरच्या नेटवर्कला वापरतात ती. तिच्यात तारा आठ, माइकलाही लागतात आठच. पत्रिका जुळवून आणल्यासारखं. अशा केबली मिस्त्रीने गावभर ओढल्या होत्या. स्वतःच्या बायकोला परक्या माणसाच्या समोर नेऊन बसवणारी मात्र ही पहिलीच.

केबलचं एक टोक त्याने आत संचात खोचून ठेवलं होतं. दुसरं खिडकीपाशी सॉकेटात बसवायचं होतं. असल्या तारा नखभर सोलायच्या असतात. मिस्त्रीची नजर त्या कंगव्यावर. त्याने बोटभर सोलल्या. सॉकेटाचं झाकण लावताना माइकवर बोलण्यासाठी दाबायच्या बटणाची तार शेजारच्या तारेला जी चिकटली, ती जणू कोणीतरी बटण कायमचं दाबून धरावं तशी. आत संचावरचा लाल दिवा लागला. बघायला आत होतं कोण? आता खिडकीपाशी जे बोललं जाईल ते अठराच्या अठरा गाड्यांत वाजणार होतं, आणि दिवा लागलेला असेपर्यंत गाड्यांचा आवाज इकडे येणार नव्हता.

बायकोने माइक लावून हातात घेतला. आत इतका वेळ खरखरणारा संचाचा स्पीकर मघाच गप्प झाला होता.

"बघ," मिस्त्री म्हणाला, "नवरा शेजारी आहे कळल्यावर कशी दातखीळ बसली तुझ्या सात नंबरची."

मग तो थांबलाच नाही. सात नंबरचा कंगवा काढला, त्याचं लाडे लाडे बोलणं काढलं, वर त्याची नक्कलही करून दाखवली. गेल्या महिन्यात आपण घेतलेला निळा शर्ट त्या माणसाचा बघूनच घेतला होता, हेही ओकून टाकलं. आणि तिने तो शर्ट नुसता धुऊन वाळत घातला, अंगावर कसा दिसतो ते काही बघितलं नाही, हेसुद्धा.

मिस्त्रीची पाठ खिडकीकडे होती. बायकोचं तोंड तिकडेच. थांब्यावरच्या बाकीच्या गाड्यांतूनही एकेक मान बाहेर येऊन खिडकीकडे बघत होती. सात नंबरने कंगवा खिशात ठेवला. बायकोला काय कळलं ते तिचं तिलाच ठाऊक; तिने माइक काही खाली ठेवला नाही.

"असं आहे तरी काय त्याच्यात?" मिस्त्री म्हणाला. "तेवढं सांग मला."

"पोचला की तो 'पोचलो' म्हणतो," बायको म्हणाली. "सगळेच म्हणतात, अठरा जण. तुम्ही सकाळी शिडी घेऊन निघता. खांबावर आहात की खांबाखाली पडलात, संध्याकाळपर्यंत मला पत्ता नसतो."

कुठे अडलं की मिस्त्री जोडणी तपासायला जायचा. तसा तो आत गेला, आणि दारातच थिजला. लाल दिवा त्याच्याकडे बघत होता.

त्याने केबल हिसकून काढली. दिवा विझला. स्पीकर पुन्हा खरखरू लागला, पण बोलेना कोणी. अठरा टॅक्सीवाले एका वेळी गप्प. खोटं वाटत असेल तर त्यांनाच जाऊन विचारावं.

जुना माइक टेबलावरच पडला होता. मिस्त्रीने तो संचात खोचला आणि बटण दाबलं.

"पोचलो," तो म्हणाला.

त्याने बटण सोडलं. क्षणभर खरखर, मग सात नंबरचा आवाज आला, "वहिनी, मिस्त्री पोचले. नोंद घ्या."

बाहेर खिडकीपाशी बायको हसली. मिस्त्री भिंतीला कान लावून मनात आकडे मोजू लागला. तीस झाले, एकतीस झाले. ती अजून हसतच होती.