सरदाराची शांतता

सरदाराने माजावर आलेल्या गाढविणीकडे एकदा पाहिलं आणि जांभई दिली.

वीर्य गोळा करायची नळी धरून वाकलेली नवी डॉक्टर निमूट सरळ झाली. कुंपणाशी उभ्या असलेल्या थोरल्या डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. सरदार म्हणजे लांब केसांच्या गाढवांच्या एका जातीचा शेवटचा नर, आणि तोही आता थकत चाललेला. त्याचं वीर्य गोठवून ठेवता आलं नाही, तर त्याच्यामागे ती जातच संपणार होती. पण बाईंना आज बरं वाटत होतं. नवीलाही जमलं नव्हतं!

ही नवी आल्यापासून पैदास केंद्राच्या प्रमुखांच्या तोंडी तिचंच नाव. खिडकीजवळचं सूक्ष्मदर्शक तिला. पाहुण्यांना केंद्र दाखवायचं तिने. इतकी वर्षं प्रयोगशाळेत बाईंचं एकटीचं राज्य होतं; दुपारी टेबलावर डोकं टेकून त्या खुशाल डुलकी काढत. आता कुठली डुलकी? त्या सगळ्यांच्या आधी येत, नवीने पुसलेल्या काचा पुन्हा पुसत. धूळ खात पडलेली पुस्तकं काढून रागारागाने वाचत.

"ताई, हा पहिल्यापासून असाच सुस्त?" नवीने विचारलं.

"सुस्त नाही तो! त्याला कटकट खपत नाही," बाई फणकारल्या. "म्हणून तर बाकीच्या जातींचे नर मी पार मागच्या टोकाला हलवलेत. इथे त्याला कुणाचा त्रास नाही."

"तेही खरंच. खातो काय, डुलक्या काढतो काय!"

बाईंच्या जिभेवर खरमरीत उत्तर आलं होतं. पण 'डुलक्या' हा शब्द कानात अडकला. त्या सरदाराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी गोठ्यातल्या काकांना हाक मारली.

"काका, तो करडा नर आणा. कुंपणापलीकडे बांधा."

"अहो बाई, त्या दोघांमधून विस्तवही जात नाही!"

"म्हणूनच आणा."

करडा आला. आल्या आल्या गाढविणीकडे मान लांबवून त्याने आरोळी ठोकली. सरदाराचे कान ताठ झाले. नाकपुड्या फुलल्या. मग तो असा ओरडला, की प्रमुख खिडकीत धावत आले. ओरडतच तो गाढविणीकडे झेपावला.

"नळी धर!" बाई म्हणाल्या. नवीने धरली.

सूक्ष्मदर्शकाखाली, काचेवर घेतलेल्या थेंबात शुक्राणूंची नुसती झुंबड उडाली होती. बाईंनी डोळे भरून पाहिलं आणि मग उठून नवीला जागा दिली. वीर्याने भरलेल्या बारीक कांड्या एकेक करून द्रव नायट्रोजनच्या वाफाळत्या थंड टाकीत उतरल्या. आता सरदार गेला, तरी त्याची शिंगरं जन्मणार होती.

"ताई, तुम्हाला हे सुचलं तरी कसं?"

बाईंनी टाकीचं झाकण लावलं. हात पुसले.

"तू आलीस म्हणून," त्या म्हणाल्या.