पहिला बुधवार

नात्सुको जपानहून मिनेसोटाला शिकायला आली, त्याच महिन्यात भरदुपारी भोंगा वाजला आणि भूकंपाच्या सवयीने ती मेसमधल्या टेबलाखाली शिरली. पोरं खिदळली. वाढणाऱ्या कॅरलबाईंनी तिला हाताला धरून बाहेर काढलं. “अगं, वादळाचा भोंगा चालतो का ते बघतात. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी.” पुढे तीही त्या कर्कश आवाजात निवांत जेवायला शिकली. आज भोंगा वाजताच मेक्सिकोहून कालच आलेली पोरगी टेबलाखाली गेली. नात्सुकोने सूपचा चमचाही खाली ठेवला नाही. “ये बाहेर, वेडाबाई. पहिला बुधवार आहे.” ती ओशाळून बाहेर आली. पण या वेळी कोणीच खिदळलं नाही. खिडकीबाहेरचं आभाळ हिरवट झालं होतं. कॅरलबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. “पोरींनो, तळघरात चला,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “आज मंगळवार आहे.”