वळणावरचं गॅरेज

रस्त्याकडेच्या झुडपांनी मिस्त्रीच्या गॅरेजचा बोर्ड पार गिळून टाकला होता. बोर्ड पुढे सरकवायला नियम आडवा, झुडपं तोडायलाही नियमच आडवा. तेच पुन्हा सुनावायला आलेल्या रस्ता खात्याच्या मुकादमाची त्याने गचांडी धरली आणि त्याचं कपाळ खांबावर आपटून फोडलं. मग कोयता घेऊन झुडपांवर तुटून पडला.

"अहो, जरा दमानं. गिऱ्हाईक येतंय की," बायको म्हणाली. "परवाच गाडी आली."

"आली कसली? वळणावर उलटली म्हणून ओढून आणली. पत्रा कापून माणूस बाहेर काढला मी. सीटवरचं रक्त अजून निघत नाही."

शेवटचं झुडूप आडवं झालं, आणि मिस्त्रीच्या बोर्डाशेजारी एक गंजका सरकारी बोर्डही उघडा पडला: 'पुढे धोक्याचे वळण. वेग कमी करा.'

तेव्हापासून गाड्या वेग कमी करतात, मिस्त्रीचा बोर्ड सावकाश वाचतात आणि सुखरूप पुढे जातात. महिना झाला, गॅरेजात एक गाडी नाही.



आज सकाळी बायकोने पाहिलं, तर मिस्त्री छाटलेल्या बुंध्यांना बादलीने पाणी घालत होता.