ब्रेक पॅड

"ब्रेकला डुप्लिकेट पॅड टाका. या गाडीचा खर्च आता परवडत नाही," सरनोबत आपल्या पिवळ्या स्पोर्ट्स कारकडे बोट दाखवत म्हणाले.

भोसेकर मिस्त्री भडकले. "ऑइल, टायर, सगळ्यात तुमचे पैसे वाचवले. ब्रेकमध्ये वाचवणार नाही. ही कशी पळते, ठाऊक आहे ना?"

"मी नवी घेतोय हो. ही वैजयंती वापरणार. ती कुठे एवढी पळवते?"

वैजयंती, त्यांची बायको, गॅरेजच्या दारातच उभी होती. सकाळी हीच गाडी वाढदिवसाची भेट म्हणून मिळाली, तेव्हा आनंदाने तिला रडू आलं होतं. आता रागाने तिचे कान तापले.

"मिस्त्री, कंपनीचेच पॅड टाका," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "नव्या गाडीच्या कर्जाला माझी सही हवीय ना तुम्हाला? मिळणार नाही."