दुसऱ्या तळ्यात

कयाक चिंचोळ्या पाण्यातून दुसऱ्या तळ्यात शिरली आणि रोहिणीला आधी आवाज ऐकू आला. ओल्या गोणपाटावर कुणी काठी हाणावी तसा.

"म्हैस असेल," मागं बसलेली अरफा म्हणाली. "वल्हं चालव तू."

कार्तिकातली रविवारची सकाळ होती. उन्हात अजून धार नव्हती. धरणाच्या फुगवट्याची इथं दोन तळी झाली होती आणि मधे, टेकड्यांच्या बेचक्यातून, जेमतेम कयाक जाईल एवढी वाट. सोनईजवळच्या एकाच शाळेत शिकवणाऱ्या या दोघी मैत्रिणी पहिल्यांदाच इतक्या आत आल्या होत्या.

बाभळींचं वळण ओलांडलं आणि म्हैस नाही हे दोघींना दिसलं.

एका होडीत तिशीतला धिप्पाड माणूस गुडघ्यावर बसला होता. त्याची डावी मूठ कुणाच्या तरी पांढऱ्या केसांत होती. ते डोकं पाण्याखाली जात होतं, वर येत होतं. वर आलं की तो उजव्या हातातला दांडका म्हाताऱ्याच्या पाठीत-डोक्यात घालत होता. शेजारी म्हाताऱ्याची तरंगायची टायरची ट्यूब फाटून अर्धी बुडाली होती, तिच्यात जाळं अडकलेलं.

"मासळीचा ठेका कुनाचा हाय? आं? कुनाच्या तळ्यात जाळं टाकतो रं?"

उत्तर यायच्या आत त्यानं डोकं पुन्हा पाण्यात दाबलं.

"ओ दादा! सोडा त्यांना!" रोहिणी ओरडली.

त्यानं मान वळवून पाहिलं. "तुमी तुमच्या वाटंनं जावा, बाई. ह्यात पडू नगा." आणि मूठ तशीच खाली ठेवली. पाण्यावर बुडबुडे आले. मग कमी झाले.

"मागं फिरू," अरफा घाईनं म्हणाली. "तिकडं रेंज आहे. पोलिसांना फोन करू."

रोहिणीला ते ऐकू आलं, पटलंही. पण तिचे हात पुढंच वल्हवत राहिले. कयाकचं टोक होडीवर आदळलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण पोहोचलो.

तिच्या वल्ह्याचा पहिला फटका त्याच्या कोपरावर बसला. हाड कटकन वाजलं. मूठ सुटली आणि म्हाताऱ्याचं डोकं वर आलं. तेवढ्यानं काम झालं होतं. पण तो माणूस शिवी देत तिच्याकडं वळला आणि रोहिणीनं दुसरा फटका त्याच्या कानशिलावर ओढला. होडी कलली. तो पाठीवर पाण्यात पडला.

म्हाताऱ्यानं होडीची कड पकडली आणि ओकत, पाय मारत तो काठाच्या चिखलाकडं सरकू लागला. रोहिणीनं तिकडं पाहिलंच नाही.

तो माणूस वर आला. कान फुटला होता, रक्त गळ्यावरून उतरत होतं. त्यानं कयाकची कड धरली.

"ताई, पवता येत न्हाई मला..."

तिनं वल्ह्याची धार त्या बोटांवर आणली. तो किंचाळला, खाली गेला, पाणी प्याला, पुन्हा येऊन कड धरली. तिनं पुन्हा मारलं. खांद्यापासून मनगटापर्यंत काहीतरी ऊन ऊन धावत होतं, आणि ते थांबू नये असं तिला वाटत होतं. कुणीतरी घशातून गुरगुरत होतं. तो आवाज आपलाच आहे हे तिला कळत नव्हतं.

"रोहिणी! तो आता मारत नाहीये! बुडतोय तो!"

तिनं आणखी एकदा मारलं. या वेळी बोटं वर आली नाहीत.

अरफानं आपलं वल्हं कयाकमधे टाकून तिला मागून कवेत धरलं. तरी तिचे हात उठतच होते. मग अरफानं तिच्या दंडात दात रुतवले. खोलवर. रोहिणीच्या हातातून वल्हं सुटून पाण्यात पडलं. अरफा तशीच बाजूला झुकली, कोपरापर्यंत हात बुडवून चाचपडली आणि तिला शर्टाची कॉलर सापडली. एका हातानं ती कॉलर वर धरून दुसऱ्या हातानं वल्हं मारत तिनं कयाक काठाला नेली. रोहिणी पुढं नुसती बसून होती. दंडातून रक्त येत होतं.

काठावर तो माणूस पालथा पडून पाणी ओकत राहिला. त्याची दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. अरफानं ओढणीचा पदर फाडला आणि ती हात बांधायला बसली. तिनं वर पाहिलं नाही.

"जा. त्या बाबांना बघ."

रोहिणी चिखलातून चालत गेली. म्हातारा पाणकणसांजवळ बसला होता. डोक्यातून रक्त येत होतं, छाती भात्यासारखी हलत होती. ती काय बोलायचं ते मनात जुळवत आली होती. बाबा, घाबरू नका. आता कुणी हात लावणार नाही तुम्हाला. ती वाकली आणि तिनं हात पुढं केला.

म्हातारा टाचा रेटत मागं सरकला. पाठ बाभळीला लागेपर्यंत सरकला. मग त्यानं कमरेच्या पंच्यातून दोन मासे काढले आणि तिच्या पायांपुढं चिखलात ठेवले. एकाचे कल्ले अजून हलत होते.

"येवढंच हायेत, बाई," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी त्यानं आपलं डोकं झाकून घेतलं.