पट्ट्यावरचा हात

नीलने टाकलेला चेंडू पुन्हा बॅटच्या टप्प्याबाहेर गेला आणि दोरीपलीकडून खाणकामगारांनी एकच गिल्ला केला. "दमला रे दमला! नौदलाचं इंजिन थंड पडलं!"

रॉरी मॅकआस्किल हसला नाही. ओरडणारी माणसं त्याच्या गावची होती. बॅट घेऊन उभा असलेला संघ त्याने शिकवलेला. आणि समोर नौदलाचा सदरा घालून चेंडू फेकणारा पोरगा त्याच्या पोटचा, धाकटा नील. थोरला हेक्टर गेल्या हिवाळ्यात अटलांटिकमध्ये जहाजासकट गेला. पुरायलाही काही हाती लागलं नाही.

केप ब्रेटन बेटावरच्या त्या कोळसागावाने बेसबॉलचा चषक कधी पाहिला नव्हता. युद्धाने अर्धा संघ नेला, तरी उरलेल्यांनी खाणीतली पाळी संपवून, तोंडावरची काजळी तशीच ठेवून उन्हाळाभर सराव केला होता. आज अंतिम सामना, शेवटचा डाव. नौदल एका धावेने पुढे, गावाचा एक गडी बाद व्हायचा बाकी आणि तिन्ही बेसवर गावाचीच माणसं.

रॉरीच्या कानात मात्र बायकोचे सकाळचे शब्द होते. मोराग चुलीकडे तोंड करूनच बोलली होती.

"मॅच जिंका म्हणणार नाही मी. माझं एकच लेकरू उरलंय, रॉरी. त्याला जमिनीवर ठेव. कसंही करून ठेव."

"मी ठेवणारा कोण? मी काय ॲडमिरल आहे?"

"तू बाप आहेस त्याचा."

कसं ठेवायचं ते रॉरीला ठाऊक होतं. नौदलाच्या संघाचे प्रमुख लेफ्टनंट प्राऊज वसंतात त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले होते, "मॅकआस्किल, तुमचा पोरगा म्हणजे माझं सोनं! असा पिचर मी समुद्रावर पाठवीन होय? जिंकत राहू दे, बंदरातून हलू देणार नाही. हरायला लागला, तर मात्र वरिष्ठांना काय तोंड दाखवू?"

सामन्याआधी नील भेटला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. चेंडू या हातातून त्या हातात करत होता.

"बाबा, आज मला जिंकायलाच हवं."

"आम्ही काय तुला चषक ताटात वाढून देणार? एवढं काय अडलंय रे?"

"अडलंय. आज हरलो तर सगळं संपलं. नंतर सांगेन."

रॉरीला पुढे विचारायची गरज वाटली नाही. पोरगा भ्यायलाय, हे बापाला दिसत होतं.

आता बॅट घेऊन लाझार बुद्रो उभा होता. खाणीत छत कोसळलं, तेव्हा हाच लाझार अंधारात रॉरीच्या हाकेमागे सरपटत बाहेर आला होता. तेव्हापासून रॉरी सांगेल ती पूर्व दिशा.

नीलचा दुसरा चेंडू बाहेर. तिसराही बाहेर. दमला की त्याचा हात उजवीकडे वाहवतो, हे रॉरीने तो एवढासा होता तेव्हापासून पाहिलेलं. आता चौथा बाहेरचा चेंडू नुसता सोडला की लाझारला पहिला बेस फुकट, सगळे एकेक बेस पुढे आणि बरोबरीची धाव घरात. लाझारने खुणेसाठी पाहिलं. टोपीला हात म्हणजे सोड, पट्ट्याला हात म्हणजे मार.

रॉरीने पट्ट्यावर हात ठेवला.

लाझारच्या कपाळाला आठी पडली. पण तो वळला, आणि हातभर बाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवून बसला.

"अरे, डोळे खाणीत विसरलास काय?" कोणीतरी किंचाळलं.

लाझारने पुन्हा पाहिलं. हात पट्ट्यावरच. पुन्हा बॅट हवेत. आणखी एक हुकला की तो बाद. तिसऱ्या वेळी त्याने फार वेळ पाहिलं, जणू रॉरीला चुकलेला हात उचलायची संधी देत होता. रॉरीने हात उचलला नाही. चेंडू बाहेर, बॅट हवेत, खेळ खलास.

खलाशी टोप्या उडवत धावले. दोरीपलीकडे म्हाताऱ्या खाणकामगारांनी मुकाट्याने पाइप झटकले आणि घरचा रस्ता धरला.

लाझार रॉरीपाशी आला. त्याचे डोळे भरले होते.

"रॉरी, मी खूण चुकीची तर नाही ना वाचली?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. रॉरीने खाली मातीकडे पाहिलं.

"होतं असं कधी कधी, लाझार."

"म्हणजे माझंच चुकलं." लाझारने मान डोलावली. "अख्ख्या गावाचा घात केला मी." आणि तो गर्दीत न मिसळता एकटाच कुंपणाकडे निघाला.

रॉरी त्याच्यामागे धावला नाही. गाव उद्या थुंकलं तरी चालेल, असं त्याने मनाशी म्हटलं. घरी जाऊन मोरागला सांगायचं, की पोरगा राहिला.

तेवढ्यात नील धावत आला आणि त्याच्या गळ्यात पडला. घामाने निथळत होता, हसत होता, रडत होता.

"जिंकलो, बाबा! प्राऊज साहेब मला सोडतच नव्हते हो. हेक्टर गेल्यापासून जहाजावर नेमणूक मागतोय, तर म्हणायचे, तुझ्यासारखा पिचर कुठून आणू? शेवटी मागच्या आठवड्यात वैतागून म्हणाले, चषक आणून दे, मग खुशाल जा. उद्या सकाळी निघतोय मी. आईला मात्र तुम्हीच सांगा."