बाबांचा आवाज

बाबांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढल्यावर आवाज कायमचा जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून आत नेण्याआधी त्यांनी परदेशातल्या लेकीला फोन लावला आणि नेमकं तेव्हाच तिच्या तळघरातल्या खोलीतलं वायफाय गेलं. तिथे मोबाइलला रेंज नव्हतीच. तिने राउटर बंद-चालू केला, त्याला हात जोडले, शिव्या घातल्या. शेवटी ती अनवाणीच जिना चढून रस्त्यावर धावली, तेव्हा फोन लागला. “हॅलो, बाळा? ऐकू येतंय का?” “येतंय, बाबा! बोला!” “हॅलो? अगं, ऐकू येतंय का?” तिचा आवाज तिकडे पोचतच नव्हता. ती भर रस्त्यात किंचाळत होती. तिकडून आई म्हणाली, “अहो, न्यायला आलेत. ठेवा आता.” “थांब गं, बोलेल ती. हॅलो... हॅलो...” तिने ओरडणं थांबवलं आणि ती श्वास रोखून नुसतं ऐकत राहिली.